दुसऱ्या वर्षातला मिलिंद

आजवर कुणाला सांगितलं नाही, अगदी घरीसुद्धा. बाईंच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त शंका विचारणारा 'मिलिंद, दुसरं वर्ष' म्हणजे मी. आणि मी विद्यार्थी नव्हतो; कर्वेनगरच्या त्याच कॉलेजात, विभागप्रमुख असलेल्या या बाईंच्याच हाताखाली, संख्याशास्त्र शिकवत होतो.

बाईंचं हसणं खाली सायकल स्टँडपर्यंत ऐकू जायचं. बोलणं मात्र मोजकं आणि तिरकस. पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला धावत होता, तेव्हाची गोष्ट. नोकरी बदलायच्या आशेने मीही वेबसाइट बनवायला शिकलो होतो. बाईंना कुणकुण लागली. "अहो, आपला अभ्यासक्रम चढवा की इंटरनेटवर. पडला तर आपल्याच अंगावर पडेल!"

विद्यापीठाचा मजकूर त्यांनी तसाच चढवू दिला नाही. "'सरासरी: संकल्पना व उपयोग'! हे वाचून कोण फिरकेल वर्गात? लिहा, वर्गातला एक मुलगा कोट्यधीश झाला तर बाकीचे श्रीमंत होतात का?" असा प्रत्येक मुद्दा प्रश्न होऊन बसला. शेजारी तासाची तारीख, शिकवणाऱ्याचं नाव. खाली शंकेसाठी चौकट.

'संभाव्यता'पुढे माझं नाव होतं. तो विषय मी घोकून पास झालो होतो. समजला कधीच नव्हता. बाईंना विचारायची लाज. मग नारायण पेठेतल्या सायबर कॅफेत बसून मिलिंद झालो. 'ओळीने पाचदा छापा पडला, तर आता काटा पडायची शक्यता वाढत का नाही?' संध्याकाळी बाईंचं उत्तर हजर: 'मिलिंद, नाण्याला आठवण नसते. तुला असते, म्हणून घोटाळा.' हेच मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मुलं हसली, आणि त्यांना कळलंही. मलाही. मग मला चटकच लागली. वर्षभर मिलिंद विचारत राहिला, बाई उत्तरं देत राहिल्या.

"हा मिलिंद कोण हो?" एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "वर्गात तर दिसत नाही."

"मागे बसत असेल, बाई."

"असेल. काही लोक फारच मागे बसतात." आणि ते हसणं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. आत बसता बसता म्हणाल्या, "मिलिंदला सांगा, विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या दिवशी शंका विचारतात. हा पठ्ठ्या तुमच्या तासाच्या आदल्या दिवशी विचारायचा."

माझे कान तापले. "बाई, मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोलले असते, तर समोर येऊन विचारावं लागलं असतं. आणि तसं तुम्ही एकदाच विचारलं असतंत. आणि त्याला म्हणावं, शिकवतो छान."

"सांगतो," मी म्हणालो. रिक्षा वळली तरी हसणं ऐकू येत होतं.

बाई आता नाहीत. माझ्या अभ्यासक्रमाच्या वेबसाइटवर शंकेची चौकट अजून आहे. तिथे मी कुणाला नाव विचारत नाही. पण स्वतःचं नाव लिहून एक शंका विचारायची, हे बाईंचं देणं माझ्याकडे राहूनच गेलं.