ट्रॉली थोडी तिरपीच

केनवडच्या सरळ रस्त्यावर मला ट्रॅक्टर चांगला जमतो. माघारी घ्यायचा म्हटलं की सगळी गडबड होते, कारण मागे ट्रॉली असते आणि बघायला शेजारी.

मागच्या सुगीत नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. तो ओसरीत बाजेवर, आभाळ भरून आलेलं, आणि उघड्या ट्रॉलीत आमचं वर्षाचं सोयाबीन. ट्रॉली टिनाच्या शेडखाली गेली पाहिजे, बस, एवढंच काम. पण मला ती एका दमात, रेघ मारल्यासारखी सरळ न्यायची होती. समोरच्या ओट्यावर बाया येऊन बसल्या होत्या ना!

ट्रॉली जरा डावीकडे गेली की मी स्टेअरिंग फिरवायचे. मग ती उजवीकडे पळायची, मी परत फिरवायचे. शेवटी ट्रॅक्टरचं तोंड एकीकडे आणि ट्रॉलीचं भलतीकडे. ओट्यावर कोणीतरी हसलं. मी स्टेअरिंग अजूनच जोरात फिरवलं. राग होता, रडूही होतं.

"काहून इतकं फिरवून राह्यली?" नवरा ओसरीतून ओरडला. "समोर घे, सरय कर, मंग ये मांगं!"

पुढे घेणं म्हणजे सगळ्यांसमोर हार मानणं, असं मला वाटत होतं. पण टिनावर थेंब वाजले आणि मी ट्रॅक्टर पुढे घेतला. पुढच्या खेपेला ट्रॉली शेडखाली शिरली. तिरपी, पण पूर्ण आत. तेवढ्यात पाऊस कोसळला.

तरी मी उतरेना. ते तिरपेपण डोळ्यांत खुपत होतं. मी परत चावी फिरवली.

"आता कायले?" नवरा वैतागला. "माल तं कोरडा आहे. तुले तो भिजवाचा आहे काय?"

मी ओट्याकडे पाहिलं. बाया केव्हाच घरात पळाल्या होत्या. मग मी कोणासाठी सरळ करत होते? स्वतःचीच चीड आली.

ऊन पडल्यावर रिकामी ट्रॉली घेऊन वावरात गेले. दोन दगड मांडले, त्यांच्यामध्ये ट्रॉली घालायची. वाकडी गेली की पुढे घ्यायची, परत यायचं. बघायला कोणी नव्हतं. चुकायला चक्क मजा आली, आणि हात हळूहळू बसला.

यंदा ट्रॉली एका खेपेत आत गेली. थोडी तिरपीच. खाली उतरले आणि चावी नवऱ्याच्या हातात देऊन टाकली. माझ्याजवळ राहिली असती, तर मी परत चढले असते.