काढून ठेवता येणारे दात

"वरचे सगळे काढावे लागतील," मॅडम म्हणाल्या.

मी मान डोलावली. ऑफिसात साहेबांपुढे मान डोलावून डोलावून तशी सवयच लागली आहे. मग डोक्यात शिरलं तेव्हा विचारलं, "सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. वरचा एकही दात आता भरवशाचा नाही."

दादरला या डॉक्टर मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात मी एका हलणाऱ्या दाढेसाठी गेले होते. माझं वय छप्पन्न, नोकरी फोर्टात कारकुनीची, डायबेटीस गोळ्यांवर. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, ते कित्येक वर्षांपासून. मी मऊ ब्रश आणला आणि विषय मिटवला. दुखत नव्हतं ना, मग कशाला डॉक्टरच्या दारात जायचं?

न दुखणं हीच या आजाराची खोडी आहे. त्याला पिरिओडॉन्टायटिस म्हणतात. म्हणजे हिरड्यांखाली संसर्ग मुरत जातो आणि दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत खात सुटतो. आपल्याकडे जुनी माणसं पायोरिया म्हणतात तोच. खालचे दात साफसफाईवर वाचणार होते. वरचे नुसतेच उभे होते, मुळाशी काही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रक्ततपासणी झाली आणि सीबीसीटी नावाचा स्कॅन झाला. यंत्र डोक्याभोवती एक चक्कर मारतं आणि जबड्याचं हाड चहूबाजूंनी दिसतं. रिपोर्ट हातात आला तरी मी तो पाकिटातून बाहेर काढला नाही. वेटिंग रूममध्ये माझ्याशेजारी बसलेल्या बाई फोनवर मुलीशी लग्नाच्या साड्यांबद्दल बोलत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता. दात दिसत होते त्यांचे, सगळे.

मॅडमनी कागदावर आकृत्या काढून समजावलं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येईल म्हणून मला कळलं तसं सांगते. पहिला मार्ग साध्या कवळीचा. ती टाळूला चिकटून बसते. दुसरा इम्प्लांटचा. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा बारीक स्क्रू, तो हाडात बसवतात आणि हाड त्याला धरतं. त्यावर दात दोन तऱ्हांनी बसवता येतात. फिक्स ब्रिज, म्हणजे दातांची अख्खी कमान स्क्रूंवर आवळून टाकायची, ती फक्त डॉक्टरच काढू शकतो. नाहीतर ओव्हरडेंचर. ते स्क्रूंवर टिचकन बसतं, पण रोज आपल्या हाताने काढून धुवायचं असतं.

"तुमचं वरचं हाड मऊ आहे, आणि शुगर आहे," मॅडम म्हणाल्या. "माझं मत विचाराल तर स्क्रू घालू, हिरडी शिवून टाकू आणि काही महिने हाडाला शांतपणे भरू देऊ. तोवर तात्पुरती कवळी. नंतर फिक्स की काढता-घालता येणारं, ते ठरवू."

मी त्यातला एकच शब्द ऐकला. कवळी.

इथे माझ्या घराबद्दल सांगायला हवं. गिरगावात चाळीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मुलगा आणि सून केतकी, आतल्या खोलीत स्वयंपाक, मोरी आणि आम्ही दोघं. मोरीला दार नाही, पडदा आहे. आरसा मोरीच्या वर, भांड्यांच्या फळीशेजारी. सकाळी एक जण दात घासतो तेव्हा दुसरा चहा गाळत असतो. माझ्या सासूबाईंची कवळी रात्री फळीवर वाटीत असायची. घरात कधी कुणी वावगं बोललं नाही, पण त्या वाटीला कुणी हातही लावत नसे. भाजीला वाटी कमी पडली तरी नाही.

श्रीधर, माझे यजमान, बँकेतून निवृत्त झालेत. तीस वर्षांच्या वर संसार झाला आमचा. त्यांनी मला तापात पाहिलंय, बाळंतपणात पाहिलंय. पण बोळकं झालेलं तोंड घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहणार नव्हते. केतकीसमोर तर नाहीच. मला माझा चेहरा हवा होता, एका दिवसाचाही खंड न पडता. बाकी सगळं मला दुय्यम होतं. लाज वाटते असं मात्र कुणाला सांगितलं नाही. "फिक्स बरं पडतं," एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या भेटीत मी मॅडमना विचारलं, "त्याच दिवशी फिक्स दात मिळतात म्हणे?"

"मिळतात. चार स्क्रू, मागचे दोन तिरके घालून. त्याला इमीजिएट लोडिंग म्हणतात. स्क्रू घट्ट बसले तरच करता येतं. आणि मग हाड धरेपर्यंत सगळं मऊ खायचं. चपातीसुद्धा कुस्करून. तुमच्या केसमध्ये ही घाई आहे, हे मी सांगून ठेवते."

"चालेल," मी म्हटलं. बरोबर आलेले श्रीधर माझ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "मॅडम घाई म्हणताहेत, ऐकलंस ना?" ऐकलं होतं. मी निघताना चप्पल घालण्यात फार वेळ घेतला.

ऑपरेशन आषाढात झालं. गुंगीचं औषध दिलं होतं, पण ऐकू सगळं येत होतं. दात निघाल्याचं दुखलं नाही, आवाज मात्र कवटीत घुमत होता. मग स्क्रू. प्रत्येक स्क्रू बसला की मॅडम टॉर्क बघायच्या, म्हणजे तो हाडात किती घट्ट रुतलाय त्याचं माप. एकही ढिला निघाला तर मी दातांशिवाय घरी जाणार होते. पहिला चांगला, दुसरा चांगला, तिसराही. चौथ्याला मॅडमनी माप दोनदा घेतलं. मी खुर्चीचा हात एवढा आवळला होता की नर्सने माझी बोटं सोडवली.

"काठावर पास," मॅडम म्हणाल्या. "पण सांभाळायचं."

संध्याकाळी मी टॅक्सीतून दातांसकट उतरले. चेहरा सुजून भोपळा झाला होता, पण ओठ जागेवर होते. जिना चढताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग पथ्य. मऊ भात, वरण, लापशी, उकडलेला बटाटा, पुन्हा मऊ भात. केतकी बिचारी माझ्यासाठी वेगळं शिजवत होती. मी तक्रार केली नाही. रोज आरशात बघायचे आणि खूश व्हायचे.

आणि गणपती आले. शेजारच्या बिऱ्हाडात पाच दिवसांचा असतो आणि आरतीला अख्खा मजला जमतो. आरतीनंतर खिरापत. खोबरं, खडीसाखर, खारकेचे तुकडे. प्रसादाला नको म्हणायचं नाही आणि हातात ठेवून हिंडायचंही नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. तीन दिवस मी प्रसाद घेऊन गुपचूप केतकीच्या हातात देत होते. चौथ्या संध्याकाळी ती ऑफिसातून यायची होती. आरती रंगली होती, टाळ्या वाजवून तळवे लाल झाले होते. मंत्रपुष्पांजली झाली, उजव्या हातावर प्रसाद पडला, तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चावलासुद्धा. सगळं हाताने आपलं आपण केलं, मी तिथे नव्हतेच.

डाव्या बाजूला आत कुठेतरी काहीतरी हललं. दुखलं नाही, नुसतं हललं. मी तशीच उभी राहून हसले आणि शेजारणीला म्हटलं, "छान झालीय खिरापत."

त्या रात्री आणि पुढचे काही दिवस मी जिभेने ती जागा चाचपत होते. गणपती जाऊ देत, गौरीचं होऊ दे, मग बघू. कधी वाटायचं हलत नाही, मनाचे खेळ आहेत. कधी वाटायचं शिंकले तरी सगळी कमान हातात येईल. हसणं बंद केलं. शेवटी एका सकाळी चहा पिताना गरम घोटाबरोबर कळ आली आणि हातातला कप तसाच ठेवला. श्रीधर म्हणाले, "चल, साडी बदल." त्यांना केव्हापासून कळलं होतं कुणास ठाऊक.

एक्स-रेमध्ये चौथ्या स्क्रूभोवती काळी कड दिसत होती. हाडाने त्याला धरलंच नव्हतं. मी मॅडमना खिरापतीचं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं.

"नुसत्या त्या घासाने झालं असं मी म्हणणार नाही. तो आधीपासूनच काठावर होता. पण ब्रिज आता तीन स्क्रूंवर ठेवता येणार नाही. उतरवावा लागेल, हा स्क्रू काढावा लागेल. नवा घालायला जखम भरेपर्यंत थांबायचं. तोवर तात्पुरती कवळी, ती लॅबमधून परवा येईल."

"परवापर्यंत?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची मागे झुकवली.

ब्रिज निघाला. ओठ आत गेले ते मला आरशाशिवाय कळलं. तोंडात कापसाचा बोळा, त्यात मॅडमनी नर्सला सांगितलं, "त्यांच्या मिस्टरांना आत बोलवा, पुढचं समजावते." मी हात वर केला, नको नको करत. तोवर श्रीधर दारात होते. मी तोंडावर पदर घेतला, पण त्यांनी पाहायचं ते पाहिलं होतं. ते स्क्रीनवरच्या एक्स-रेकडे वळले आणि मॅडमना अगदी बँकेतल्या आवाजात विचारू लागले, जखम भरायला किती, शुगर किती खाली हवी, नवा स्क्रू त्याच जागी की दुसरीकडे. मला पदराआड रडू आलं. रागाने की कशाने, सांगता येत नाही.

घरी मी तो पदर खाली घेतलाच नाही. केतकीने पेज करून दिली, ती भिंतीकडे तोंड करून प्यायले. मुलगा काही विचारू लागला तर मानेनेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीधर माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले.

"कालपासून तू काय बोलतेयस ते मला एक अक्षर कळलेलं नाही," ते म्हणाले. "मी नुसतं हो-हो करतोय. मघाशी मी कशाला हो म्हटलं?"

"माझ्या बहिणीला राहायला बोलवायला."

"बघ. पुन्हा नाही कळलं. मला आताशा कमी ऐकू येतं गं. तुझ्या तोंडाकडे बघून निम्मं समजून घेतो. पदर काढ."

त्यांना कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. माझ्या ओठांवर त्यांची एवढी भिस्त आहे हे माहीत नव्हतं. मी पदर काढला. ते बघत राहिले, समोरची बाई काय म्हणते ते समजून घेणारा माणूस बघतो तसे. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. अर्धे शब्द हवेतच फुसफुसत गेले.

"बहिणीला? किती दिवस?" ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी आली ती त्यासाठी.

जखम भरली, नवा स्क्रू गेला, हिवाळा त्यातच सरला. या वेळी हाडाला हवा तेवढा वेळ दिला. धास्ती मात्र सुटली नाही. शेवटच्या एक्स-रेनंतर मॅडम म्हणाल्या, "चारही पक्के. आता सांगा. फिक्स करायचं की काढता-घालता येणारं?"

मी म्हटलं, "काढता येणारं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगितलं की माझ्या हिरड्यांनी मला एकदा फसवलंय, रोज सगळं काढून नीट बघता-धुता आलं तर बरं. ते खरंच कारण आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. चार स्क्रूंवर एक पट्टी आहे, तिला बार म्हणतात, त्यावर दात टिचकन बसतात. टाळू मोकळी आहे, चव पूर्वीसारखी लागते.

तुम्ही फिक्स घ्या की हे घ्या, ते तुमचं हाड, तुमची शुगर आणि तुमचे डॉक्टर बघून ठरवा. फिक्स काही वाईट नाही, माझ्या मैत्रिणीचे उत्तम चाललेत. मी फक्त एवढं सांगेन की घरातल्या माणसांच्या भीतीने ठरवू नका. ती माणसं काय बघतील याचा माझा सगळा अंदाज चुकला होता. मॅडमचे आभार मानते, की मी हट्ट केला तेव्हा त्यांनी बजावलं आणि हट्ट फसला तेव्हा हिणवलं नाही. केतकीचे मानते, तिने तेवढे महिने माझी पेज एकदाही चुकू दिली नाही.

परवा जेवणानंतर मी मोरीशी उभी राहून दात धुतले, डबीत घातले, आणि मग कळलं की श्रीधरनी मला न विचारता रविवारी चुलतभावाला सहकुटुंब जेवायला बोलावलंय. पुन्हा दात घालायचे कष्ट मी घेतले नाहीत. तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मनसोक्त भांडले. त्यांना शब्द न् शब्द कळला.