व्हिएतनामात कार्ड घासताना

व्हिएतनामहून येताना बॅगेच्या वजनाला मर्यादा होती, किश्श्यांना नव्हती. सोलापुरात सकाळी एकत्र फिरणारे आम्ही चौघं. मी बँकेतून रिटायर, भीमरावतात्या वळसंगचे शेतकरी, सर शाळेतून निवृत्त, आणि मल्लेशमचा टॉवेलचा कारखाना. टूरला रोख कमी, डेबिट कार्ड जास्त असं ठरलं आणि शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आजही फिरताना एकानं एक किस्सा काढला की बाकीचे किस्से त्याचं बोट धरून येतात.

*

तात्यांना मी बजावलं होतं, "पिन कुठं लिहायचा नाही, कुणा एकालाही सांगायचा नाही."

हनोईत एटीएमसमोर तात्या म्हणाले, "सर, तुमी पुढं व्हा. पैला आकडा तुमच्याकडं हाय."

विमानतळावर त्यांनी आम्हा तिघांच्या कानात एकेक आकडा सांगितला होता. मला तो त्यांचा लकी नंबर वाटला होता.

"तात्या, कुणाला सांगू नका म्हणालो होतो ना?"

"एकाला कुटं सांगितला? वाटून दिला की."

आम्ही रांगेनं एकेक बटण दाबलं. दारातला वॉचमन आधी हसला, मग त्यानं वायरलेसवर कुणाला तरी बोलावून घेतलं.

*

सरांनी कार्ड बनियनच्या चोरखिशात ठेवून वर टाका घातला होता. कॉफीचं बिल द्यायला ते शर्टाची बटणं काढू लागले, तशी काउंटरवरची मुलगी मागं सरकली.

"टाका उसवू नका," मी म्हणालो, "हे कार्ड नुसतं जवळ नेलं तरी चालतं."

सरांनी मशीन उचलून छातीला लावलं. टिंग वाजलं, पावती आली. त्यानंतर सर प्रत्येक दुकानात छाती पुढं काढूनच शिरले.

*

परदेशात मशीन कधीकधी विचारतं, पैसे रुपयांत कापू का? तो दर महाग पडतो. म्हणून तात्यांना मी एवढंच शिकवलं, "मशीनवाल्यानं विचारलं की नो म्हणायचं."

साखर? नो. पिशवी? नो. जेवायला व्हेज? नो. नॉनव्हेज? नो.

रूमवर येऊन शेंगाचटणी उघडत तात्या म्हणाले, "ह्या देशात लोकं इचारत्यात लई, देत काय न्हाईत."

*

बोटीत बसलो असताना तात्यांना त्यांच्या बँकेतून फोन आला. "सर, तुमचं कार्ड व्हिएतनाममध्ये वापरलं जातंय. तुम्हीच वापरताय का?"

अनोळखी माणसाला फोनवर खरी माहिती द्यायची नाही, हेही मीच शिकवलेलं.

"न्हाय बा. मी वळसंगला हाय, शेळ्यांना पाला टाकतोय."

कार्ड तिथल्या तिथं बंद झालं. तात्या फोन खिशात घालत म्हणाले, "चोर व्हता. गंडवला."

*

निघायच्या दिवशी जुन्या बाजारात मल्लेशम हरवला. फोन हॉटेलवर चार्जिंगला, हॉटेलचं नाव त्याला पाठ नाही, इंग्रजी बेताचं. विमान संध्याकाळचं. गल्ल्या धुंडाळून सर तर फुटपाथवरच बसले. शेवटी धीर करून मी सोलापूरला लक्ष्मीवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, फोन लावला.

"वहिनी, घाबरू नका. मल्लेशम सापडत नाही."

"घाबरायचं काय त्यात? आत्ताच चपला घेतल्यात की त्यांनी. मेसेज आलाय."

खात्याला नंबर वहिनींचा होता, बँकेचं ॲपही त्यांच्याच फोनवर. मल्लेशमला याचा पत्ता नव्हता. वहिनींनी दुकानाचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं, पण आम्ही पोचेपर्यंत तो तिथून गेला होता.

"आता काय करायचं?"

"थांबा. कार्ड बंद करते."

"वहिनी, परक्या मुलखात पैशाशिवाय काय करेल तो?"

"भाऊजी, जेवणाची वेळ झाली. ते आधी जेवणार, मग कार्ड देणार."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"व्यवहार नाकारला म्हणून मेसेज आलाय. नूडल्सचं हॉटेल आहे, नाव लिहून घ्या. पैसे मिळाल्याशिवाय हॉटेलवाले त्यांना काय सोडत नाहीत आता. सावकाश जावा."

आम्ही पळतच गेलो. मल्लेशम कोपऱ्यातल्या स्टुलावर अनवाणी बसला होता. नव्या चपला मालकिणीनं काउंटरवर ठेवून घेतल्या होत्या. आम्हाला बघून त्याचे डोळे भरून आले. सरांचा हात घट्ट धरून तो म्हणाला,

"बायकोला यातलं काही सांगू नका."