पाचवी ओळ

गेल्या काही वर्षांत माझ्या साडूंनी कुणाचंही बोलणं अर्धवट ऐकलेलं मला आठवत नाही. बोलणाऱ्याला घाई असो, त्यांना स्वतःला घाई असो, किंवा बोलणारा माणूस नसून खालापूर स्टँडवरचा कर्णा असो, सुरू झालेला विषय संपेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. त्या स्टँडवर एकदा आम्ही दोघं कर्जतच्या एसटीसाठी उभे होतो. कर्ण्यातून घोषणा सुरू झाली, गाडी समोर लागली, मी चढलो. साडू खालीच उभे. गाडी कुठे जाणार हे सांगून झालं होतं, पण ती कोणत्या मार्गाने जाणार आणि प्रवाशांनी आपलं सामान कसं सांभाळावं, हे यायचं बाकी होतं. ते ऐकून होईपर्यंत गाडी स्टँडबाहेर पडली होती. मागच्या गाडीने ते कर्जतला पोचले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. निदान घोषणा पूर्ण ऐकली, असं त्यांचं म्हणणं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला भिवपुरीला. कर्जतमधल्या एका छोट्या दैनिकाच्या कचेरीत मी बातम्या तपासतो आणि ते संगणक सांभाळतात. त्यांच्या पडद्यावर चित्रं नसतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतात आणि ते त्या यंत्राला एकेका ओळीत हुकूम देतात. माउस त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, पाहुण्यांसाठी.

त्यांची दुसरी सवय गप्प बसण्याची. एक विषय संपला की ते थांबतात, आणि तो थांबा चांगला जाणवेल एवढा लांब असतो. त्याला ते मोकळी ओळ म्हणतात. एक नोंद कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे ऐकणाऱ्याला कळायला हवं, अशी त्यामागची भूमिका. फोनवर ही मोकळी ओळ आली की पलीकडचा माणूस रेंज गेली असं समजून फोन ठेवून देतो, त्यामुळे त्यांच्याकडून दोन बातम्या हव्या असलेले नातेवाईक दोनदा फोन करतात. माझी मेव्हणी मात्र या थांब्यांवर टपून असते. यांच्याशी भांडायचं तर मोकळ्या ओळीतच भांडावं लागतं, असं ती म्हणते.

हे सगळं प्रकरण त्यांनी मला एकदा बाजारात समजावून सांगितलं. डोंगरातल्या वाडीवरून आलेली एक बाई रस्त्याकडेला कंटोळ्यांच्या रानभाजीचे वाटे मांडून बसली होती. साडू तिच्यासमोर उकिडवे बसले आणि मला म्हणाले की संगणकाचा ग्रेप नावाचा हुकूम एकच कंटोळं उचलतो, तुम्ही सांगाल त्या खुणेचं. ऑक नावाच्या हुकुमाला वाट्यांमधली मोकळी जागा दाखवून दिली, की ज्या वाट्यात खुणेचं कंटोळं असेल तो वाटाच्या वाटा तो उचलतो, मग त्यात चार असोत की नऊ. बोलता बोलता त्यांचं बोट या वाट्यावरून त्या वाट्यावर फिरत होतं. बाईने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, शिकवनी घरी घ्या. वाटा घ्या आनि गिऱ्हाइकाला जागा द्या." साडूंनी तिचंही बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि दोन वाटे घेतले. ते एकाच पिशवीत ओतायला त्यांनी नकार दिल्यामुळे दुसरा वाटा माझ्या रुमालात घरी गेला.

खालापूरच्या आमच्या एजंटाचं आणि त्यांचं असंच एक भांडण आहे. हा एजंट आपल्या भागातल्या निधनवार्ता टाइप करून पाठवतो. दोन वार्तांमध्ये एक ओळ कोरी सोडायची, एवढंच त्याला सांगितलेलं. त्याने ती सोडली, पण त्या कोऱ्या ओळीत कुठेतरी स्पेसचं बटण दाबलं गेलं. यंत्राच्या लेखी ती ओळ कोरी राहिली नाही आणि दोन वेगळ्या गावांचे दोन मयत एकाच नोंदीत आले. साडू ते फोनवर न सांगता एसटीने खालापूरला गेले. ओळीत काही दिसत तर नाही, असं एजंट म्हणाला. दिसत नाही म्हणूनच मी आलो, असं साडू म्हणाले.

पाहणाऱ्याला वाटतं की हा माणूस जन्मतःच असा असणार. तसं नाही. पूर्वी ते घाईचे होते आणि त्या घाईचा त्यांना अभिमान होता.

निधनवार्तांचं काम तेव्हा असं चालायचं. साऱ्या जिल्ह्याच्या वार्ता एका हुकुमाने पडद्यावर ओतल्या जात. त्यातून कर्जत आणि खालापूरच्या तेवढ्या आमच्या पानासाठी काढायच्या. प्रत्येक वार्ता चार ओळींची. पहिलीत नाव, गाव आणि तालुका, दुसरीत वय, तिसरीत दहाव्याचा दिवस आणि जागा, चौथीत पश्चात कोण कोण. साडूंनी ग्रेपला सांगून ठेवलं होतं, की ज्या ओळीत या दोन तालुक्यांपैकी एकाचं नाव असेल ती उचल आणि तिच्याखालच्या तीन उचल. चार ओळी येत, तशाच थेट पानात जात. कुणाची तक्रार नव्हती.

खालापूर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातले म्हातारे वारले. त्यांच्या मुलीने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं. ती शेलूला नव्या इमारतीत राहायची आणि तिचं माहेर तुटलेलं होतं. म्हाताऱ्यांनी शेवटच्या आजारात थोरल्या मुलाला सांगितलं, की पेपरात माझ्यामागे तिचंही नाव द्यायचं. मुलाने आधी नुसतीच मुलांची, सुनांची नावं दिली. नंतर तो एजंटाकडे परत गेला आणि वार्तेखाली आणखी एक ओळ घालून आला: मुलगी, जावई आणि नात, शेलू. वार्ता पाच ओळींची झाली. छापून आली चार ओळींची.

तिकडे मुलीने मावशीजवळ सांगून ठेवलं होतं, की पेपरात नाव आलं तर दहाव्याला येईन, नाहीतर समजेन काय समजायचं ते. तिने पेपर पाहिला आणि ती गेली नाही. इकडे थोरल्या भावाने पेपर उघडलाच नव्हता. त्याला वाटलं, नाव देऊनही ही आली नाही. दहाव्यानंतर मावशीने त्याच्यासमोर पेपर धरला, तेव्हा तो तडक आमच्या कचेरीत आला. आवाज चढवला नाही. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, ती ओळ लिवायला माजा हात व्हत नव्हता," तो म्हणाला. "तरी लिवली. बाबांनी सांगितलं व्हतं म्हनून लिवली. ती तुमी कापली."

साडूंनी ते पूर्ण ऐकलं. माझ्या आठवणीत त्यांनी पूर्ण ऐकलेलं ते पहिलं बोलणं. शेलूला चला, आपण मिळून सांगू, असं ते भावाला म्हणाले. भाऊ नाही म्हणाला. मी गेलो तर तिला वाटेल मीच ही गोष्ट रचली, एवढं बोलून तो निघून गेला.

आम्ही दोघं गेलो. साडूंनी लॅपटॉप बरोबर घेतला होता. तिने दार उघडलं, आम्हाला बसवलं, आणि पेपरवाले आहोत म्हटल्यावर एकच विचारलं, की चूक तुमची हाय असं सांगायला दादाने पाठवलं काय. साडूंनी लॅपटॉपवर काळा पडदा उघडला, त्या दिवसाचा सगळा मजकूर घेतला आणि आपला जुना हुकूम दिला. चार ओळी आल्या. मग ऑकला कोऱ्या ओळीची खूण सांगून नवा हुकूम दिला. पाच आल्या.

ती वाकून वाचत राहिली. ही खालची ओळ कुणी लिहिली, असं तिने विचारलं. थोरल्या भावाने, असं साडू म्हणाले.

"पन दहावा झाला ना," ती म्हणाली.

मग पडद्याकडे बोट करून ती म्हणाली, "परत एकदा काढा." साडूंनी हुकूम पुन्हा दिला. पाच ओळी पुन्हा आल्या. आत तिची मुलगी कुणाशी तरी खेळत होती, तिचा आवाज येत होता. बाहेर तिने तिसऱ्यांदा काढायला सांगितलं आणि साडूंनी तिसऱ्यांदा काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, नियमाप्रमाणे, पानाच्या तळाशी. दहावा दुरुस्त करता येत नाही. साडूंनी जुना हुकूम त्याच दिवशी पुसला आणि तेव्हापासून ते खालापूर स्टँडवरचा कर्णाही शेवटपर्यंत ऐकतात.

पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी साडूंनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. पडद्यावर खालापूरची एक निधनवार्ता होती. गाव तेच, घर तेच. म्हाताऱ्यांच्या पत्नी वारल्या होत्या. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई आणि नातवंडं असा परिवार आहे. त्याखाली ओळ नव्हती. मुलीला वेगळी ओळ लागली नव्हती.

साडूंनी ती वार्ता वरपासून खालपर्यंत वाचली. चष्मा काढून पुसला.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "ही जुन्या हुकुमानंसुद्धा पूर्ण आली असती."

मग ते थांबले. मला त्यांची सवय माहीत आहे, म्हणून मी पुढच्या विषयाची वाट पाहत उभा राहिलो. त्या संध्याकाळी पुढचा विषय आला नाही.