गवत कापल्याचा गुन्हा

"बाई, तुमच्या वडिलांवर जंगलातलं गवत कापल्याचा गुन्हा आहे. हे नाव यादीत कसं घेऊ?" मी कागद परत सरकवला.

शेवंताबाई मूल गावाजवळच्या खेड्यातल्या, ऐंशी ओलांडलेल्या. "गाव आमाले अजून गवतचोट्टे म्हन्ते, साहेब. मले पेन्शन नाई पाह्यजे. तिकडं मोठ्या सभेत बाबाचं नाव वाचलं का गावाचं तोंड बंद होईन."

मोठी सभा म्हणजे विधानसभा. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीनिमित्त खास बैठक होती. त्यात स्वातंत्र्यसैनिकांची नावं वाचली जाणार होती. तालुक्याची यादी करणारा नायब तहसीलदार मी. 'फक्त राजकीय कैदी घ्यावेत,' असं पत्रात होतं. बाईंनी आणलेल्या जेलच्या नोंदीच्या नकलेत 'राखीव जंगलात बिनपरवाना गवतकापणी, तीन महिने सजा' लिहिलेलं. मी शेरा मारला: वनगुन्हा, राजकीय नाही.

तहसीलदारांनी विचारलं, "नक्की ना? बाई तीनदा येऊन गेल्या."

"सर, कलम स्पष्ट आहे."

कलमांच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणा समजायचो. तहसीलदारांची सही झाली.

बैठकीच्या दिवशी ऑफिसात टीव्ही लावला. बाई नवं लुगडं नेसून आल्या. "कोनाले ठाऊक, वाचतीन बी," म्हणत बाकावर बसल्या. नावं वाचून झाली. मग एक आमदार बोलायला उठले. जंगल सत्याग्रहात इंग्रजांचा कायदा मोडायला आपल्या माणसांनी मुद्दाम परवान्याशिवाय गवत कापलं आणि जेल भोगली, असं त्यांनी सांगितलं. बाकं वाजली.

मी फाइल उघडली. नकलेवर साल होतं, एकोणीसशे तीस. सत्याग्रहाचंच. ते मी पाहिलंच नव्हतं.

"गवतच तं कापलं होतं माह्या बाबानं," बाई म्हणाल्या. "मंग नाव काऊन नाई आलं, साहेब?"



त्याच दिवशी मी विधानसभेकडे दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं की कार्यवृत्तात, म्हणजे कामकाजाच्या शब्दशः नोंदीत, सभागृहात न उच्चारलेलं नाव घालता येत नाही. मग मी त्यांच्या गावी गेलो. भर ग्रामसभेत चूक कबूल केली.

मागून एकजण म्हणाला, "नाव खरं असतं तं तिकडं वाचलं नसतं का? साहेब बाईची समजूत काढून राह्यले."

लोक हसले. बाई खाली पाहत बसल्या. इतकी वर्षं गाव नुसतं बोलत होतं. आता त्याला सरकारी पुरावा मिळाला होता, आणि तो माझ्या हातचा होता.

हल्ली नव्या कारकुनांना एवढंच सांगतो: जुना कागद आला की आधी साल वाचा, कलम मग. ते माना डोलावतात. मीही तेव्हा अशीच डोलावली असती.