मामांचा राउटर आणि समोरचे गुरुजी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुठलीही वस्तू घाईने घरात आणली नाही, आणि राउटर तर मुळीच नाही. मी त्यांचा भाचीजावई. मला त्यांनी पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत पारखलं आणि "चालेल" म्हणून सांगून टाकलं. राउटरचं स्थळ मात्र दिवाळीत बघायला सुरुवात केली ते गुढीपाडव्याला जमलं. मामा एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. अख्ख्या जिल्ह्याचे दिवे आपण लावतो या समजुतीत ज्याची सगळी नोकरी सरली, त्या माणसाला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सांभाळायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे मामींनी "आता घरात वाय-फाय घेऊन टाका" असं सहज म्हटलं, तेव्हा मामांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. महात्मा गांधी रोडवरचे दुकानदार त्यांना लांबून येताना पाहून चहाला सटकू लागले. "अँटेना चार दिसतायत ते ठीक आहे, पण त्यातले कामाचे किती आणि शोभेचे किती?" असं ते शांतपणे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत काउंटर सोडायचे नाहीत. राउटरच्या दोन बँडबद्दल त्यांचं स्वतःचं निरूपण होतं. "एक लांबवर जातो पण रमतगमत. दुसरा सुसाट पळतो, पण भिंत आली की बसकण मारतो. आमच्या घरातले दोघे भाऊ बघा." मॉडेम वेगळा घ्यावा की राउटरमध्येच असलेला, यावर त्यांचं निम्मा हिवाळा चिंतन चाललं. दोन्ही एकत्र घेतले आणि एक बिघडलं तर दोन्ही गेले, असं त्यांचं म्हणणं. शेवटी "एकच घ्या, पुसायला एक डबडं कमी" असं मामींनी ठणकावलं आणि प्रश्न मिटला.

घेतल्यावर तो ठेवायचा कुठे, हा पुढचा यज्ञ. मामींना तो टीव्हीमागे दडवायचा होता. मामा म्हणाले, राउटर ही लपवायची वस्तू नाही; तो घराच्या मध्यात, उंचावर आणि मोकळ्यावर हवा. तो पॅसेजमध्ये छताखाली लागला आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वस्तूकडे मामा संशयाने पाहू लागले. फ्रिज सरकला, बेसिनवरचा आरसा उतरला, मामींची स्टीलची मांडणी माहेरहून आलेली असूनही पलीकडच्या भिंतीला गेली. माणसांचीही सुटका नव्हती. "जावईबापू, तुम्ही जरा खिडकीकडे बसा. इथे तुम्ही मध्ये येता," असं ते मला अगदी प्रेमाने सांगायचे. वीज गेली तर पंख्याआधी राउटर चालू राहील अशी इन्व्हर्टरची जोडणी त्यांनी स्वतः केली होती. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत बसायचो आणि मामा समाधानाने वर मान करून म्हणायचे, "हिरवा दिवा बघा. हलला नाही."

या सगळ्या कारभाराला एकच मनापासूनचा प्रेक्षक होता, समोरच्या फ्लॅटमधले गुरुजी. सुरगाण्याच्या डोंगरातल्या शाळेत सारी हयात घालवून ते नाशिकला येऊन राहिले होते. पत्नी गेलेली, मुलगी बंगळूरला. संध्याकाळी दोघे मामांच्या गॅलरीत चहा घ्यायचे. मामा बोलायचे आणि गुरुजी ऐकायचे, आणि मधूनच असा काही प्रश्न विचारायचे की मामांना आणखी तासभर बोलता यावं. मामांनी त्यांना आपलं वाय-फाय वापरायला दिलं. पासवर्ड कानात सांगितला आणि तो कुणालाही द्यायचा नाही अशी अट घातली. गुरुजींची मुलीशी रोज गाठ पडू लागली. "तुमच्यामुळे नातीचे दात बघायला मिळाले हो," असं ते म्हणाले, तेव्हा मामा आठवडाभर छाती काढून हिंडत होते.

मग एके दिवशी मामांना मोबाईलवर दिसलं की आपल्या राउटरला एक अनोळखी फोन जोडलेला आहे. चौकशीअंती कळलं, गुरुजींची सुरगाण्याकडची एक जुनी विद्यार्थिनी नाशिकला नर्सिंग शिकत होती; तिला ऑनलाइन तास ऐकता यावेत म्हणून गुरुजी तिला आपल्या घरी बसू देत आणि पासवर्डही त्यांनीच दिला होता. मामींच्या लेखी यात बिघडलं काहीच नव्हतं. मामांच्या लेखी कंट्रोल रूममध्ये परका माणूस शिरला होता. त्यांनी पासवर्ड बदलला आणि गुरुजींना नवा सांगितला नाही.

त्या संध्याकाळी मी तिथेच खिडकीकडे बसलो होतो. गुरुजी दारात आले. "आज नेट चालत नाही वाटतं?"

"कंपनीकडूनच बंद आहे," मामा म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून मामींच्या फोनवरची सुगरण मोठ्या आवाजात सांगत होती की आता मंद आचेवर कांदा परतून घ्या. गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी ते ऐकलं, हे मामांनी पाहिलं. "बरं, बरं," एवढंच म्हणून गुरुजी वळले आणि आपलं दार त्यांनी अगदी हळू लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते चहाला आले नाहीत.

पुढे गुरुजींनी स्वतःचं कनेक्शन घेतलं. ते लावायला आलेल्या माणसाने राउटर लाकडी कपाटात ठेवून दिला, ही बातमी मामींनी आणली आणि मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "कपाटात ठेवलाय हो," ते मला सांगत होते. "त्यांना मुलीचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसत असणार."

"मग जा की सांगायला," मामी म्हणाल्या. "चार पावलांवर तर आहेत."

"त्यांनी बोलवायला हवं."

मामा रोज जिन्यात गुरुजींची चाहूल घेत, चपला घालत, आणि ते खाली उतरून गेले की चपला काढून ठेवत. असे बरेच महिने गेले. मग गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. मुलगी त्यांना बंगळूरला न्यायला आली, तेव्हा लिफ्टचं दार धरून मामाच उभे होते. चाकाच्या खुर्चीतल्या गुरुजींकडे पाहून त्यांना काय काय म्हणायचं होतं कोण जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच, "तिकडे तुमच्याकडे नेट कसं आहे?" मुलगी म्हणाली, "चांगलं आहे काका." लिफ्ट खाली गेली.

आता गुरुजींच्या मुलीने ठरवून दिल्याप्रमाणे रविवारी दुपारी मामा बंगळूरला व्हिडिओ कॉल लावतात. परवा मी होतो. पडद्यावर गुरुजी अगदी स्वच्छ दिसत होते, उशीची नक्षीसुद्धा कळत होती. मामा हवेबद्दल बोलले, गोदावरीला आलेल्या पाण्याबद्दल बोलले, आणि बोलता बोलता एकदम थांबले. "गुरुजी, त्या दिवशी कंपनीकडून बंद नव्हतं," ते म्हणाले. "मीच बंद केलं होतं. माझं चुकलं."

गुरुजींची वाचा गेलेली आहे. त्यांनी मामांकडे पाहिलं, ओठ हलवायचा प्रयत्न केला, डोळ्यांत काहीतरी आलं. ते हसू होतं की आणखी काही, हे आम्हांला दोघांनाही सांगता आलं नाही. मामा फोन धरून बराच वेळ थांबले. समोरून "जाऊ द्या हो" असं काहीतरी येईल म्हणून थांबल्यासारखे. मग मुलीने बाबा दमले म्हणून सांगितलं, आणि मामा म्हणाले, "हो, हो, त्यांना झोपू द्या. मी पुढच्या रविवारी करतो."