शीर मोकळी झाली

आमच्याकडे शरीरात काहीही बिनसलं की दोष शिरेचा. मान आखडली, शीर चढली. पायाला मुंग्या आल्या, शीर दबली. रक्त वाहणारी नळी आणि मेंदूला निरोप नेणारा तंतू, दोघांना मिळून हा एकच शब्द, आणि आईचं सगळं वैद्यकशास्त्र त्या एका शब्दावर चालायचं.

नाशिकबाहेर आमचा फुलांचा मळा होता. आईला बीपी होतं, रोजची गोळी होती. पण उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्यांची देठं खुडायला बसली की ती गोळी बंद करायची. मिरचीने हात लालभडक व्हायचे, तापायचे. "आता शिरा मोकळ्या झाल्या. बीपी हातावाटं निघून जातं," म्हणायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शहरात फार्मसी शिकत होते. त्या वर्षी वर्गात शिकवलं, की मिरची झोंबली की कातडीतल्या तंतूंच्या टोकांतून पेप्टाइड नावाचे पदार्थ पाझरतात आणि जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. असे तंतू शरीरभर असतात, रक्तदाब आवरायला त्यांचीही मदत होते. आईचं खूळ अर्धं खरं निघालं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावरून तिला हलवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. म्हणून घरी मी तेवढं गाळलं. हाताची शीर हातापुरतीच, डोक्यातल्या शिरेला तिचा काही उपयोग नाही, गोळी घे, एवढंच सांगितलं.

"तू गोळ्याच शिकती, तुला गोळ्याच दिसणार," आई म्हणाली. "मला लय हलकं वाटतंय."

मी चिडून गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे आपटलं. ते तिथेच पडून राहिलं, त्यावर मिरचीची धूळ बसत गेली. घरभर तिखटाची खाट, सगळे ठसकत होते. आई मात्र खुशीत होती, आणि मला तिच्या त्या खुशीचीच भीती वाटायला लागली होती.

एका दुपारी ओसरीवर ती डावा हात उलटासुलटा करून बघत होती. "हा हात सरावला बघ. सकाळपासून झोंबत नाय."

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. दोन्ही सारखेच लाल, सारखेच गरम. तंतूंची टोकं आपलं काम चोख करत होती. त्यासाठी त्यांना मेंदूला विचारावं लागत नाही. फक्त डाव्या हाताची आग वर पोचत नव्हती.

"आई, चिमटा काढते, तिकडं मळ्याकडं बघ जरा," मी म्हणाले, आणि त्या हाताला करकचून चिमटा काढला. "दुखतंय?"

आई मळ्याकडे बघत राहिली. "अगं, काढ तर आधी," ती म्हणाली.